मारेकरी डॉक्टर

कांबळे डॉक्टर कुठेही गेले की तिथं काय नाही ते आधी सांगत.

लग्नाच्या मांडवात आपण नवरदेव बघतो, आहेर बघतो, पंगतीत बुंदी आहे की शिरा ते बघतो. कांबळे मांडवाच्या तोंडाशीच थांबून म्हणत, "बँडवाले सात, टोप्या सहा." मग सातव्या माणसाची टोपी सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. माझ्या घरी ते पहिल्यांदा चहाला आले तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुमच्या कॅलेंडरला मार्च न्हाय." बघतो तर खरंच नव्हता. आमच्या धाकट्यानं मार्चचं पान फाडून पतंगाला शेपूट केली होती आणि आमचं सबंध घर पंधरा दिवस एप्रिलमध्ये राहत होतं. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"हाय ते समद्यांनाच दिसतं," कांबळे बशीत चहा ओतत म्हणाले. "न्हाय ते बगा."

मला हे लागलं. कारण मी याद्यांचा माणूस. लोहाऱ्याहून उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव, आणि गावच्या सहकारी दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. माझ्या खिशात कायम एक वही असे. तिच्यात तीन याद्या: आज करायची कामं, उद्या करायची कामं, आणि चेअरमन विसरतील म्हणून वाट बघायची कामं. तिसरी यादी सगळ्यांत उपयोगी. पण माझ्या तिन्ही याद्यांत जे आहे तेच असे. नसलेल्याचीही यादी करायची असते, हे मला कांबळ्यांनी शिकवलं.

सोपान कांबळे खरं म्हणजे डॉक्टर नव्हते. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते पर्यवेक्षक होते. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, हा आमच्याकडचा कायदा. उंच, काटकुळे, पँटच्या पायाला सायकलची क्लिप. ती क्लिप ते सायकल नसतानाही काढत नसत. संस्थेच्या इमारतीमागची एक खोली आम्ही त्यांना राहायला दिली होती. खोलीशेजारी दोन खाटांएवढा लसूणघासाचा, म्हणजे जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचा, तुकडा त्यांनी केला होता आणि आपल्या अंघोळीचं पाणी सांडू न देता ते त्याला घालत. भर उन्हाळ्यात गावात तेवढंच एक हिरवं दिसे. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

ते एकटे राहत. तरी बाहेरून आले की कुलूप काढून आधी कडी दोनदा वाजवायची, जरा थांबायचं, मग दार ढकलायचं, अशी त्यांची रीत. मी एकदा विचारलं.

"आत विंचू असतोय," ते म्हणाले. "त्याला सरकाया येळ द्यावा."

हे खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. विंचू दिसला तर चिमट्यात धरून तो ओढ्यापलीकडे सोडून यायचा, हा त्यांचा नियम सगळ्यांना माहीत होता. खोंडाला खच्ची करून बैल करायच्या दिवशी चिमटा लावण्याआधी ते त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत. लोक म्हणत मंत्र आहे. मी जवळ जाऊन ऐकलं. ते म्हणत होते, "माफ कर बाबा, नोकरी हाय."

अशा माणसाला अख्खं गाव मारेकरी डॉक्टर म्हणत असे. त्याची हकिगत अशी.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. कांबळे परभणीला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. तिथं परदेशातून नुकतेच आलेले एक तरुण प्राध्यापक जेवणानंतरच्या तासाला आपल्या रक्तातल्या एका नव्यानं सापडलेल्या पेशीबद्दल बोलले. जेवणात पुरणपोळी होती. वर्गातले सगळे झोपले. एकटे कांबळे जागे होते, कारण पोळ्या वाढणाऱ्याकडं तुपाचं भांडं नव्हतं हे त्यांनी बघितलं होतं आणि ते निषेध म्हणून दोनच पोळ्यांवर उठले होते. त्यांनी व्याख्यान अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं आणि गावाला येताना ती पेशी डोक्यात घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या बायाबापड्यांच्या रांगेला त्यांनी ती ऐकवली. इंग्रजी नाव नॅचरल किलर. कांबळ्यांनी रांगेसाठी त्याचं मराठी केलं: उपजत मारेकरी.

"आपल्या अंगात गस्त घालणाऱ्या पेशी लई जातीच्या," ते म्हणाले. "बाकीच्या कशा, फौजदारावाणी. आदी गुन्हेगाराचं वर्णन पायजे. मंग तपास. मंग शिपाई गोळा करायचे. आठ-धा दिवस त्यातच गेले. आपण लस टोचतो ती कशाला? वर्णन आदीच देऊन ठिवायला. पर ही पेशी वर्णन मागत न्हाय. कुणी शिकवाया लागत न्हाय. आजार आला की पयल्या दिसापासनं कामाला."

"मंग चोर वळखती कशी?" रुक्मिणबाईनं दुधाची चरवी खाली ठेवत विचारलं. ती रांगेत कायम पहिली असे आणि तिला सगळं मुळापासून लागे.

"चोर वळखतच न्हाय, मावशी! तीच तर गंमत हाय. आपल्या घरच्या पेशीवर घरचा शिक्का असतोय. ही जाती, हात लावून बगती. शिक्का हाय? जा बाबा. शिक्का न्हाय? चिटकली. पोटात बारीक दाणे असतेत, ते सोडती, भोक पाडती, खल्लास. आरडाओरडा न्हाय, पंचनामा न्हाय."

"आन घरच्या पेशीचा शिक्का जाईल कशाला?"

"हां! आता बोललात. रोगाचं इखार, म्हंजे व्हायरस, पेशीत घुसलं, न्हायतर पेशीच बिघडली, कॅन्सरची झाली, की ती कवाकवा शिक्का लपवती. का? फौजदार तिला शिक्क्यावरनंच धरतोय म्हणून. फौजदाराला चुकवाया जाती आन या बाईच्या हातात घावती!" कांबळे एवढे खूश झाले की त्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी वही उघडली. "सरांनी असं बी सांगितलं, की ह्यो अजून तर्क हाय. पुरावा पुरा न्हाय. ते बी ध्यानात ठिवा."

हे वाक्य त्यांनी वहीत चौकोनात लिहिलं होतं आणि पुढं कुणालाही ती पेशी सांगताना ते चौकोनासकट सांगत.

रांगेत सायबू तांबोळी होता. तो म्हणाला, "डाक्टर, सरळ सांगा की. येसकर हाय म्हणा."

"व्हय," कांबळे म्हणाले. "बराबर येसकर. माझा आजा येसकर होता. गावाच्या येशीवर हुबा. आत कोण आलं, भायेर कोण गेलं, समदं त्याला ठावं. सगळं गाव त्याच्या भरवशावर झोपायचं." सायकलचा स्टँड काढत ते हसून म्हणाले, "त्याचं सोताचं घर मातुर येशीच्या भायेर."

रांगेतलं हसू जरा पातळ झालं. कांबळे टांग मारून निघूनही गेले होते.

त्या दिवसापासून ते आले की पोरंठोरं ओरडत, "मारेकरी डॉक्टर आले!" कांबळे म्हणत, "घरात भिंतीवर बुद्ध आन भायेर मला मारेकरी. बरं झालं, आय हे ऐकाया ऱ्हायली न्हाय."

पण परभणीहून ते आणखी एक गोष्ट घेऊन आले होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी हात वर केला होता आणि विचारलं होतं, की आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीवर हा शिक्का असतो का. सर म्हणाले, माणसाच्या तांबड्या पेशीवर जवळजवळ नसतोच. "मंग सर, ही मारेकरी तिला का मारत न्हाय?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

या उत्तरानं कांबळे सरांच्या प्रेमात पडले. एवढा शिकलेला माणूस माहीत नाही म्हणतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी ते सरांना एक पोस्टकार्ड टाकत. मजकूर कायम एकच: "स.न.वि.वि. तांबड्या पेशीचे काही कळले काय? आपला, सो. कांबळे." उत्तर येत नसे. "शोध चालू असंल," ते म्हणत.

आणि मग दुष्काळ पडला. म्हातारी माणसं म्हणत, बहात्तरइतका मोठा नाही. पण जनावरांना साल कळत नाही. माळ पांढरा पडला, विहिरी खरवडल्या, आणि दूध संस्थेनं गावाबाहेर, आपल्या इमारतीच्या मागंच, जनावरांची छावणी उघडली. तालुक्यातलं जनावर, तलाठ्याचा दाखला, तरच आत. बाहेरचं जनावर आत सापडलं तर छावणी बंद, असं परवानगीच्या कागदावर स्पष्ट होतं. तो कागद माझ्याकडं होता, म्हणून ती भीतीही माझ्याकडंच होती.

चाऱ्याच्या वेळी बाहेरची जनावरं कळपात मिसळून जात. आमचे राखणदार तोंड ओळखून त्यांना हाकलत, म्हणजे हाकलत नसत. "ही तर माझ्या मेव्हण्याची," "हा तर आमच्या व्याह्याचा," असं म्हणून अर्धा तालुका सोयरा निघे.

कांबळ्यांनी दोन दिवस हा तमाशा बघितला आणि हिरव्या ऑइलपेंटचा डबा मागितला.

"चोर हुडकायचाच न्हाय," ते म्हणाले. "आपल्या जनावराच्या डाव्या शिंगाला हिरवा पट्टा. पाण्याला रांग लागली की डावं शिंग बगायचं. पट्टा हाय, प्या पाणी. पट्टा न्हाय, भायेर. सोयरं न्हाय, मेव्हणा न्हाय."

चारशेच्या वर जनावरं तास-दीड तासात तपासून होऊ लागली. माझ्यासारख्या माणसाला तर हे बघून गहिवरून आलं. आणि तिसऱ्याच आठवड्यात या पट्ट्यानं छावणी वाचवली. बिनपट्ट्याचे दोन बैल रांगेत सापडले. कांबळ्यांनी ते ओढ्यापलीकडे वेगळे बांधले, आणि तिसऱ्या दिवशी दोघांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. लाळ-खुरकूत. ते कळपात राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार करायला नको म्हणून चेअरमन नानासाहेबांनी कांबळ्यांना नारळ आणि हार दिला.

हार वाळायच्या आत कांबळ्यांनी नानासाहेबांचीच म्हैस हाकलली.

म्हशीचं नाव राणी. तिला खांबाला शिंग घासायची सवय. घासून घासून पट्टा गेला. कांबळे रांगेत उभे, डावं शिंग बघितलं, पट्टा नाही. राखणदार ओरडला, "डाक्टर, चेअरमनची हाय!" कांबळे म्हणाले, "पेशीला चेअरमन कळत न्हाय." आणि राणी बाहेर. राणी सरळ घरी गेली आणि चेअरमनबाईंनी अंगणात वाळत घातलेल्या वर्षभराच्या कुरडया खाऊन तिथंच रवंथ करत बसली.

नानासाहेब छावणीत आले तेव्हा त्यांच्या मिशा वेगळ्याच दिसत होत्या. "कांबळे," ते म्हणाले, "तुमच्या पेशीला सांगा, पुढच्या मीटिंगला हजर ऱ्हा म्हणावं."

मी लगेच वहीत लिहिलं: दर सोमवारी पट्टे पुन्हा रंगवणे. विषय माझ्यापुरता मिटला. कांबळ्यांपुरता मिटला नाही.

"घरचीलाच हाकललं, सेक्रेटरीसाहेब," ते दोन दिवस म्हणत राहिले. "अंगात असं झालं तर माणूस सोताच सोताला खाऊन टाकंल. म्हंजे नुसतं न्हाय ते बगून भागत न्हाय. आनखी कायतरी आसणार." त्या दिवशी त्यांनी पोस्टकार्डात पहिल्यांदाच एक ओळ वाढवली: "प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे."

अशा वेळी काशाक्का आली.

ती सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या एका खेड्यातली. साठी उलटलेली, पाठीवर बोचकं, हातात दावं आणि दाव्याला बसप्पा नावाचा पांढरा म्हातारा बैल. घरचं कुणी उरलं नव्हतं. तिच्या बाजूला जवळ कुठं छावणी नव्हती म्हणून ती चार दिवस चालत आली होती. दाखला नाही, पट्टा नाही.

कांबळे फाटकात उभे होते. त्यांनी डावं शिंग बघितलं आणि मान हलवली. "आक्का, आत घेता येत न्हाय."

"व्हय यप्पा," काशाक्का म्हणाली. तिनं विनवणी केली नाही, रडली नाही. फाटकासमोर, कांबळ्यांच्या खोलीच्या बरोबर पुढं एक कडुलिंब होता. त्याच्याखाली तिनं बैल बांधला, आणि ती एकटी आत येऊन शेण भरू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याची टाकी घासली. तिसऱ्या दिवशी गायींच्या कानांतल्या गोचिड्या काढल्या. भाकरी दिली तर अर्धी खाई, अर्धी बसप्पाला चारी.

माणसं कुजबुजत. रुक्मिणबाई कांबळ्यांना तोंडावर म्हणाली, "काय ओ डाक्टर, तुमच्या मारेकरणीला डोळे हायत का नुस्तं हातच?"  कांबळे रोज सकाळ-संध्याकाळ लिंबाखाली जात, बसप्पाचं तोंड उघडून बघत, खुरं चाचपत, ताप बघत आणि परत येत. एरवी पाच मिनिटांत पाच गोष्टी नाहीत म्हणून सांगणारा माणूस. त्यांनी आठवडाभर कशाचंच नसणं दाखवलं नाही. मलाच चुकल्यासारखं होई.

आठव्या दिवशी सकाळी मी संस्थेच्या मागं गेलो आणि थबकलो. काहीतरी नव्हतं. काय नाही हे कळायला मला जरा वेळ लागला, सवय नाही. मग दिसलं. लसूणघासाचा तुकडा. खोडापर्यंत साफ कापलेला. पान नाही.

मी लिंबाकडं पाहिलं. बसप्पाच्या पुढ्यात चार-दोन हिरव्या काड्या पडल्या होत्या. म्हणजे नियमाप्रमाणे बैल बाहेर होता आणि नियमाला न विचारता जेवत होता.

आता घास संपला होता. ऊन असं होतं की लिंबाची सावलीही गरम. बसप्पा बसला होता आणि उठत नव्हता. कांबळे आले, त्यांनी पुन्हा एकदा तोंड बघितलं, खुरं बघितली, सगळं हळू हळू. मग शेपटीकडून आधार दिला, काशाक्कानं दावं ओढलं, आणि त्या दोघांनी बैल उठवून फाटकातून आत आणला. मी बघत होतो. माझ्या खिशात तो कागद होता. मी तो बाहेर काढला नाही. मी गोंधळलो होतो असं लिहितो. खरं म्हणजे मला बरं वाटलं होतं.

अकरा वाजता तहसीलची जीप आली. आगाऊ निरोप नाही. तपासणी अधिकारी उतरले, सोबत चेअरमन नानासाहेब. साहेबांना पट्ट्याची पद्धत फार आवडली. ते स्वतः टाकीपाशी उभे राहून शिंगं बघू लागले. पट्टा, पट्टा, पट्टा, आणि बसप्पा.

"याला नाही," साहेब म्हणाले. "कुणाचा हा?"

काशाक्का टाकीपलीकडून अर्धी उठली. तिनं गावाचं नाव सांगितलं असतं की संपलं. चारशे जनावरं माळावर. कांबळे मधे आले.

"माझा, साहेब."

"तुमचा? तुम्ही इथले पर्यवेक्षक ना? जमीन किती?"

"न्हाय."

"गाडी?"

"सायकल हाय."

"मग बैल कशाला?"

 कांबळ्यांनी बसप्पाच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता ते खरं बोलणार, कारण खोटं बोलण्याची त्यांना सवयच नव्हती.

"सोबतीला," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सेक्रेटरी, नोंद आहे?"

आयुष्यात मी खोटी नोंद केलेली नाही. "पट्टे रंगवायच्या यादीत आहे साहेब," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. मी ते बोलता बोलता यादीत लिहीत होतो.

आता सगळं नानासाहेबांवर होतं. त्यांना बैल कुणाचा ते माहीत होतं. कुरडयांचा हिशेबही बाकी होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"घासून गेला असंल पट्टा," ते म्हणाले. "माझ्या म्हशीचा बी गेलता. लई खोडील जनावरं, साहेब."

जीप गेली. कांबळ्यांनी डबा उघडला आणि बसप्पाच्या डाव्या शिंगाला पट्टा ओढला. पट्टा वाकडा आला. मी डबा धरून उभा होतो.

"खोटं बोललात," मी म्हणालो.

"अर्धं," ते म्हणाले.

ब्रश पुसत ते बोलू लागले. "आठ दिस बगितलं म्या ह्याला. शिक्का न्हाय. पर आजाराची बोंब बी न्हाय. लाळ न्हाय, ताप न्हाय, खुरात जखम न्हाय. त्या दोन बैलांना शिक्का बी नव्हता आन अंगात बोंब बी होती. राणीला शिक्का नव्हता, बोंब नव्हती. तिला म्या उगंच हाकललं. दोनी पायजे, सेक्रेटरीसाहेब. तांबडी पेशी तशीच आसणार. शिक्का न्हाय, पर कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय. दिसभर हवा वाहती." त्यांनी काशाक्काकडं पाहिलं. ती टाकी घासत होती. "माझ्या आज्याच्या माथ्यावर तर उलटाच शिक्का होता. तो बगून भायेर ठिवायचे. आन म्या शिकून-सवरून दोन वरसं शिक्का शिक्का करत हिंडलो."

मग ते एकदम उजळले. "पर चौकोनात ल्याहा हां. ह्यो नुसता तर्क हाय."

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. काशाक्का निघाली त्या सकाळी मी आणि कांबळे तिला वाटेला लावायला उभे होतो. तिनं बसप्पाच्या गळ्यातली पितळी घाट, म्हणजे घंटा, सोडली आणि कांबळ्यांच्या खोलीकडं चालू लागली.

"आक्का, तिकडं काय?"

"यप्पा, लिंबाखाली बसून म्या रोज बगत व्हते. कडी वाजवतोस. आत कोन हाय?"

"विंचू," कांबळे म्हणाले.

"विंचवासाठी कुनी कडी वाजवत न्हाय." तिनं हातातली घाट पदरानं पुसली. "नाव काय तिचं?"

कांबळ्यांनी सायकलच्या क्लिपकडं पाहिलं. "शेवंता," ते म्हणाले. "नऊ वरसं झाली जाऊन. एकदम दार ढकललं की दचकायची."

शेवंताबाईंचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं शेजारी राहून, याद्या करकरून, मी एकदाही विचारलं नव्हतं.

काशाक्कानं घाट दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला बांधली. बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "आता वाजव."

कांबळ्यांनी कडी दोनदा वाजवली. थांबले. दार ढकललं. आतून घाट बोलली.

ते तसेच उंबऱ्यावर उभे राहिले. काशाक्का बसप्पाचं दावं घेऊन रस्त्याला लागलीही होती. माझ्याकडं न बघता कांबळे म्हणाले, "बरं झालं. विंचवाला बी ऐकू जाईल."

बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी औरंगाबादला शिकायला होती, तेव्हा तिनं तिच्या पुस्तकातून वाचून सांगितलं, की त्या पेशीला एक आवरणारा हात असतो आणि एक मारणारा. घरचा शिक्का दिसला की आवरणारा हात तिला धरून ठेवतो. पण शिक्का नसला म्हणून लगेच मारत नाही. समोरच्या पेशीवर बिघाडाची खूणही दिसावी लागते. तांबड्या पेशीवर तशी खूण नसते, म्हणून ती सुखरूप. मी हे कांबळ्यांना सांगायला धावतच गेलो. त्यांनी ऐकलं, वहीतला जुना चौकोन काढला आणि खोडरबरानं सावकाश पुसला.

"बसप्पाला आदीच ठावं होतं," ते म्हणाले. आणि सरांना शेवटचं पोस्टकार्ड टाकलं: "तांबड्या पेशीचे कळले. काळजी नसावी."

निवृत्त होऊन ते मूळच्या गावी, तेरकडं गेले, तेव्हा जाताना सामान वाटून टाकलं. खाट सायबूला, कंदील रुक्मिणबाईला, ऑइलपेंटचा वाळलेला डबा, का कोण जाणे, नानासाहेबांना. सायकल शाळेच्या शिपायाला दिली. क्लिप मात्र पायातच होती. ते एस.टी.त बसल्यावर मी खोलीची यादी करायला गेलो. संस्थेचा नियम. टेबल एक, खुर्ची एक, माठ एक, चिमटा एक. सगळं जागेवर होतं. यादी पूर्ण झाली असं लिहून मी खाली सही केली.

बाहेर पडून दार ओढलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दार पुन्हा ढकललं. आवाज आला नाही. दारामागं नुसता खिळा होता.

यादीत बदल करायचं कारण नव्हतं. मी वही खिशात टाकली आणि कडी लावली.